एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास

इब्राहिम,

परवा तुझा चाळिसावा झाला. मी आलो होतो. घरात माणसं मावत नव्हती, तरी भाभींनी आत येऊन बसायचा निरोप पाठवला. मी दारापाशी चपलांच्या ढिगाजवळच बसून राहिलो, कारण पुढे जायला मला तोंड नव्हतं. निघताना तुझ्या लेकीनं, जैनबनं, फडक्यात बांधलेली वही आणून माझ्या हातावर ठेवली. आपली भागाकारांची वही. घरी येऊन ती उघडली, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

गेले आठ महिने सगळा भांडी बाजार म्हणतो आहे की इब्राहिमचा आकडा चुकला. ते खोटं आहे. बाजाराला ते मीच शिकवलं, तेव्हा ते खोटं आहे हेही मलाच सांगायला हवं, आणि सगळ्यांच्या आधी तुला. पण माझी खोड तुला ठाऊक आहे. उत्तर आधी आणि रीत मागून, असं मला या जन्मी जमायचं नाही. जरा दम धर.

आपण मराठी चौथीपर्यंत एका तरटावर बसलो. वर्ग गप्प राहावा म्हणून पंतोजी लांबलचक भागाकार घालायचे आणि स्वतः पेंगायचे. एकदा त्यांनी फळ्यावर एकाचा आकडा सहा वेळा ओळीनं मांडला आणि साताने भागायला सांगितलं. आम्ही पाट्या घासत होतो तेवढ्यात तू उठून म्हणालास की पंतोजी, सातच कशाला, याला तीनही भागतात, अकराही, तेराही आणि सदतीसही. पंतोजींनी तुला छडी मारली, कारण विचारलं नव्हतं ते तू सांगितलंस. तू हात चोळत खाली बसलास आणि माझ्या कानात म्हणालास की सात एक मांडले असते तर म्हातारा अडकला असता.

त्या एकांनी तुला तेव्हा जे धरलं ते सोडलं नाही. चौथीनंतर मी इंग्रजी शाळेत गेलो आणि तू तुझ्या मामूंच्या हाताखाली भांड्यांवर नावं घालायला बसलास. मी शिकून याच गावात गणिताचा मास्तर झालो तोवर तू शेठच्या दुकानाच्या ओट्यावर स्वतःची जागा करून बसला होतास. एक छिन्नी, एक हातोडी आणि गुडघ्यांत धरलेलं भांडं. पंचवटीहून परतणारे यात्रेकरू गोदागंगेच्या पाण्याला तांब्याचा गडू घ्यायचे, लग्नघरची माणसं आंदणाची भांडी घ्यायची, आणि प्रत्येकाला नाव हवं असायचं. बाकीचे कारागीर आधी पेन्सिलीनं लिहून घेत. तू कधी घेतलं नाहीस. नुसतं नाव ऐकायचास आणि ठोकायला लागायचास, आणि इतक्या वर्षांत तुझ्या हातून काना-मात्रा इकडची तिकडे झाली नाही. पितळेला खोडरबर नसतो. शेठ गिऱ्हाइकाला सांगायचे, आमच्या इब्राहिमचं नाव म्हणजे नाव. बाजारात तुझी जी पत होती ती एवढ्यावर होती, आणि तिलाच मी धक्का लावला.

शाळा सुटली की मी ओट्यावर यायचो. तू मला ‘मास्तर’ म्हणायचास ते आदरानं नव्हे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तुझे हात भांड्यावर आणि डोकं एकांच्या रांगेत. मला तू समजावलंस की रांगेत चार, सहा, नऊ असे एक असले तर गंमत नाही, लहान रांग मोठीला फोडतेच. खरी परीक्षा दोन, तीन, पाच, सात, अकरा अशांची. दोन एक म्हणजे अकरा, ते फुटत नाहीत. तीन एक सदतीस त्रिक. पाच एक म्हणजे एकेचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एक म्हणजे दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास, हे तू सोळाव्या वर्षी मामूंची बोलणी खात शोधलं होतंस. मग अकरा एक. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लक्ष अकरा हजार एकशे अकरा. हा आकडा तू म्हणायचास तेव्हा एखादी मोठी वरात नजरेसमोरून जातेय असं वाटायचं.

तुझा प्रश्न साधा होता. याला कोणी भागतं, की ही मूळ संख्या आहे, एक आणि स्वतः सोडून कुणालाच दाद न देणारी? मी विचारलं, कळून उपयोग काय? तू म्हणालास, “तुमच्या शाळेत शिकवतात त्या लढाया कोण जिंकलं, त्याचा काय उपयोग आहे? पण पोरांना पाठ करायला लावताच ना?”

आपला एक वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचो, आकडे माणसानं केले. तू म्हणायचास, माणसानं फक्त त्यांना नावं घातली, माझ्यासारखी. फुटणं किंवा न फुटणं हे आकड्यात आधीपासूनच आहे, आपण नुसतं जाऊन बघायचं. मी वर्गात हेच माझं म्हणून दोनदा सांगितलं आहे. तुला कळू दिलं नाही एवढंच.

आणि काय नजर होती तुझी. पाच एकांना फोडणारे दोन्ही आकडे दहाच्या पाढ्याहून एकानं जास्त, सात एकांना फोडणारे दोन्ही चौदाच्या पाढ्याहून एकानं जास्त, हे तू ठोकता ठोकता टिपलंस. मग अकरा एकांना फोडणारा बावीसच्या पाढ्याहून एकानं जास्त असला पाहिजे. का, ते तुला सांगता आलं नाही. पुढे मी एका इंग्रजी पुस्तकात त्याची सिद्धता वाचली आणि ओट्यावर येऊन तुला समजावून दिली. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास की बरं झालं, त्यांनाही पटलं. हिशेबानं एक लाख पाच हजार चारशेच्या पुढे जायची गरज नव्हती, कारण त्याहून मोठा भाजक असता तर त्याच्या जोडीचा लहान आधीच सापडला असता. तरी हजारावर भागाकार उरत होते. तेरा एक तर त्रेपन्नानं एका बैठकीत फुटले होते. अकराच हट्टी होते.

आपण दोन वर्षं आणि वर काही महिने बसलो. तू मनात भागायचास, बाकी मोठ्यानं सांगायचास, मी वहीत लिहायचो. प्रत्येक भागाकाराखाली नवाचा ताळा घालणं हे माझं काम. अंकांची बेरीज करत करत एक अंक आणायचा आणि दोन्ही बाजू जुळतात का बघायचं. जुळलं की मी टाकानं खूण करायचो आणि ऐटीत ‘जमला’ म्हणायचो. ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सुखाची होती. तेव्हा मी तुला हे सांगितलं नाही. आपण असलं काही बोलणारी माणसं नव्हतो.

शेवटचा भागाकार झाला त्या दिवशी तू शेजारच्या हलवायाकडून जिलबी आणवलीस. शेठ, टांगेवाले, समोरचा तांबट, सगळ्यांना वाटलीस आणि सांगितलंस की अकरा एक फुटत नाहीत, मी आणि मास्तरनं बघितलं. कुणाला काही कळलं नाही, पण जिलबी गोड होती आणि तुझा चेहरा त्याहून. मग तू घरच्या बदन्याच्या, त्या तोटीच्या लोट्याच्या, बुडावर तो आकडा घातलास. अकरा उभ्या रेघा आणि त्याखाली काही नाही. लोक तो बदना बघायला मागायचे.

आता पुण्याची गोष्ट.

पुण्याला मी पेपर तपासायच्या कामाला गेलो आणि एका कॉलेजच्या पुस्तकालयात जुनं कोष्टक हाती लागलं. अकरा एकांसमोर दोन आकडे छापलेले होते. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास, आणि पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. मी तिथेच गुणाकार केला. अकरा एक नीट ओळीनं उभे राहिले. इब्राहिम, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटली ती मास्तरकीची हुशारी. नाशिक रोडला उतरलो, टांगा केला आणि घरी न जाता तडक ओट्यावर आलो. शेठ होते, चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांदेखत मी ते दोन आकडे सांगितले. तू छिन्नी खाली ठेवलीस, डोळे मिटलेस. पाच-सात मिनिटं ओठ हलत राहिले. मग म्हणालास, बरोबर आहे. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी नाकानं कांदे सोलत म्हणालो, “तोंडी हिशेबात असं व्हायचंच, इब्राहिम.”

तू माझ्याकडे बघितलंस. “चुकलं असेल माझं,” म्हणालास, आणि छिन्नी उचललीस.

दुसऱ्या दिवसापासून बाजार सुरू झाला. भाई, नाव नीट घाला, नाहीतर आकड्यासारखं व्हायचं. आता एकदा पेन्सिलीनं लिहूनच घ्या. शेठनंही एकदा गिऱ्हाइकासमोर हसत तसं म्हटलं, आणि ज्यानं कधी पेन्सिल हातात धरली नाही त्यानं त्या दिवशी धरली, हे मला समोरच्या तांबटानं सांगितलं. मला लाज वाटली. लाज वाटली म्हणजे माणूस जाऊन माफी मागतो. मी काय केलं, तर तीन गल्ल्या वळसा घालून घरी जायला लागलो.

एकदा जैनब शाळेच्या फाटकाशी आली होती. तुझा निरोप होता की मास्तरांना म्हणावं, सवडीनं या, एक भागाकार राहिलाय. मला वाटलं, तुला वाद घालायचा आहे, छापील कोष्टकच चूक म्हणायचं आहे. मी सांगितलं की परीक्षेचे दिवस आहेत. परीक्षा संपल्या, सुट्टी लागली, शाळा पुन्हा सुरू झाली. माझी सवड काही आली नाही.

तुला विषमज्वर झाल्याचं कळलं तेव्हा आलो. तू ओळखलंस. माझ्या गुडघेदुखीची चौकशी केलीस, धाकट्याला नोकरी लागली का विचारलंस. मी मोसंबी आणली होती, ती कशी आहेत हेही तू सांगितलंस, जरा आंबट म्हणून. आकड्याचा शब्द तू काढला नाहीस आणि मीही नाही. उठताना मी म्हणालो, बरा हो, मग बोलू. चौथ्या दिवशी मी तुझ्या मातीला आलो.

आता ती वही.

एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासचा भागाकार त्यात आहे, पहिल्याच हिवाळ्यातला. म्हणजे आपण ज्याला दोन वर्षं शोधलं तो पहिल्या चार-पाच महिन्यांतच आपल्या ओट्यावर येऊन गेला होता. शाई पाठीमागे फुटते म्हणून आपण उजव्या पानांवरच लिहायचो, तशा एका पानाच्या तळाशी बाकी लिहिली आहे, पाच हजार एकशे चौऱ्याहत्तर. अक्षर माझं. समासात माझ्याच हातानं एक नाव लिहिलं आहे, चि. सौ. कां. यमुना, सायखेडे. त्यावरून मला ती संध्याकाळ थोडीशी आठवली. सायखेड्याचे कुणी लग्नाची भांडी घ्यायला आले होते. “मास्तर, नाव तेवढं लिहून द्या, गाडी जुपलेली हाय, लय घाई हाय,” असं म्हणत माझ्या मागे लागले होते. तू भागाकार सोडून त्यांचं काम हाती घेतलंस. मी मधल्या वेळात पान उलटलं आणि बाकी नव्या पानावर उतरवली. विसरू नये म्हणून तोंडानं घोकत असणार, चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर. आपण म्हणताना चार आधी म्हणतो आणि लिहिताना सात आधी लिहितो. माझ्या हातानं तोंडाचं ऐकलं. नव्या पानावर आहेत सत्तेचाळीस.

यमुनेची भांडी झाली आणि तू विचारलं असशील की किती होते. मी वाचून दाखवले असतील. माझ्यावर विश्वास ठेवून तू पुढे भागत गेलास, शेवटी सोळा हजार दोनशे अठ्ठ्याण्णव उरले आणि एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास सुटून गेला. खाली माझा ताळा आहे, खुणेसकट. जमलेला. जमणारच. आकडे उलटसुलट झाले तरी त्यांची बेरीज तीच राहते, आणि नवाचा ताळा तिथे आंधळा असतो. हे मी दर वर्षी पाचवीच्या वर्गाला शिकवतो. शहाण्यानं स्वतःला सोडून सगळ्यांना शिकवलं.

काल सकाळी पुन्हा तुझ्या घरी जाऊन जैनबला मी विचारलं, अब्बांनी ही वही कधी बघितली होती का. ती म्हणाली, “तुम्ही पुण्याहून आलात ना मास्तरचाचा, त्याच संध्याकाळी. पान सापडलं तेव्हा हसले. मी विचारलं चूक कुणाची, तर म्हणाले, वही दोघांची आहे.” मग म्हणाली की शेवटच्या दिवशी तू बजावलं होतंस, चाचा स्वतः आले तर द्यायची, पाठवायची नाही.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुसऱ्या सकाळी वही ओट्यावर उघडी टाकली असतीस तर बाजाराची तोंडं जागच्या जागी बंद झाली असती. पण मग गाव म्हणालं असतं की गणिताच्या मास्तरला आकडा उतरवता येत नाही. ते तू होऊ दिलं नाहीस. सात महिने टोमणे ऐकलेस, पेन्सिल हातात धरलीस, आणि मी तुझ्या गप्प राहण्याला राग समजत राहिलो. इतका चांगला तू नसतास तर मला आज बरं वाटलं असतं.

काल शाळा सुटल्यावर बाजारात गेलो. तुझ्या जागेवर आता दुसरा कारागीर बसतो. शेठला बोलावलं, तांबटाला बोलावलं, जे जे होते त्यांना ओट्याशी उभं केलं आणि दोन्ही पानं आलटून पालटून दाखवली. म्हणालो, इब्राहिमनं चौऱ्याहत्तर सांगितले होते, मी सत्तेचाळीस केले, त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी वाकून बघितलं. शेठ म्हणाले, जाऊ द्या हो मास्तर, आकडाच तर होता, माणूस गेला आता. तांबट डोळे पुसत आत गेला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तरी मी रोज जाणार आहे आणि रोज सांगणार आहे, कुणी ऐको न ऐको.

एक गोष्ट त्यांना दाखवली नाही. त्या चुकलेल्या पानाच्या मागे तू तो भागाकार पुन्हा मांडला आहेस, पहिल्यापासून, तुझ्या त्या उभ्या ठसठशीत अक्षरात. चौऱ्याहत्तर बरोबर उतरले आहेत. भाग जातो, शेवटी शून्य उरतं. पण खाली ताळा नाही. रेघ ओढून तू जागा मोकळी सोडली आहेस, माझ्या खुणेपुरती. एक भागाकार राहिलाय म्हणालास तो हा.

तोंडी मी तो ताळा कितीदा तरी केला. भाजकाचे चार, भागाकाराचे पाच, पाच चोक वीस, विसाचे दोन. अकरा एकांचेही दोन. जमतो, इब्राहिम. पण टाक बुडवून तिथे लिहायला माझा हात होत नाही. तिथे लिहिलं की वही पुरी झाली, आणि वही पुरी झाली की मला तुझ्याकडे यायला कारण उरणार नाही.